नव्या तळ्याचं पाणी आणि थेंबांचं टेस्ट किट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी परसात तळं खणलं तेव्हा लाइनर, पंप, फिल्टर, कडेचे दगड या सगळ्याची चौकशी महिनाभर चालली होती. पाणी तपासायचं किट मात्र अगदी शेवटी, यादीत राहून गेलेली वस्तू म्हणून घेतलं. आज मागे वळून पाहते तर तळ्यासाठी आणलेल्या सगळ्या सामानात सर्वांत जास्त वेळा हाताळलेली वस्तू तीच आहे. दोन मासे माझ्या चुकीमुळे गेले. बाकीचे वाचले ते या किटमुळे, त्यातही एका बाटलीमुळे. त्या बाटलीकडे पहिले दोन महिने मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

माझ्याकडे तीन गोष्टी आहेत. एक, थेंब टाकून रंग पाहायचं किट. त्यात पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, केएच (पाण्याची क्षारता) आणि जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) अशा सहा चाचण्यांच्या बाटल्या आहेत. दोन, पाण्यात बुडवायच्या पट्ट्या. तीन, पेनासारखं पीएच मीटर. तिन्ही एकाच वेळी वापरत आले आहे, त्यामुळे तुलना करता येते.

पण त्याआधी तळ्यात पाणी किती आहे हे ठरवा. ते ठाऊक नसेल तर किटवरचा कुठलाही आकडा उपयोगाचा नाही, कारण जे काही घालायचं ते लिटरच्या हिशेबानं. माझं तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि सरासरी ७० सेंटिमीटर खोल. गुणाकार केला तर ४,२०० लिटर येतात. सुदैवानं भरण्याआधी मी २० लिटरची बादली नळाखाली लावून वेळ पाहिली होती, बरोबर एक मिनिट. तळं भरायला लागली १६५ मिनिटं. म्हणजे खरं पाणी ३,३०० लिटर. उतरत्या कडा आणि रोपांसाठी ठेवलेली पायरी यांनी ९०० लिटर खाल्ले होते. गुणाकारावर विसंबले असते तर पुढे प्रत्येक मात्रा पावपटीहून जास्त पडली असती.

पहिल्या दिवशी नळाच्या पाण्याचा पीएच ७.४ आला, दुसऱ्या दिवशी तळ्यात ८.२. मी घाबरले. शेतीच्या पुस्तकांत ज्याला सामू म्हणतात तोच हा पीएच. त्याची मोजपट्टी अशी की एक अंक वर गेला की आम्लतेत फरक दहापटीचा. एका रात्रीत एवढा फरक कसा, असं वाटणारच. कारण साधं आहे. नळाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. पाणी हवेत खेळलं की तो उडून जातो आणि पीएच वर सरकतो. म्हणून नळाचं पाणी तपासायचं तर बादलीत एक दिवस ठेवून, मधून मधून ढवळून मग तपासा. लगेच घेतलेला आकडा तळ्यात टिकत नाही.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दुकानात विचारलं तर पीएच उतरवायची बाटली हातात दिली. तिच्याविषयी पुढे लिहिते, कारण आधी अमोनिया आला.

दहाव्या दिवशी मी सहा लहान गोल्डफिश सोडले. घाईच झाली. पाणी काचेसारखं दिसत होतं, पण नव्या फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती बसलेली नसते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाद्य कुजून त्यात भर पडते. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. ही साखळी उभी राहायला काही आठवडे लागतात, आणि तोवर मासे स्वतःच्याच घाणीत पोहत असतात. मासे सोडल्यापासून चौथ्या दिवशी अमोनिया ०.५ आला, सातव्या दिवशी १.

इथे किटबरोबरच्या कागदावर नीट न सांगितलेली एक गोष्ट आहे. नळीतला हिरवा रंग एकूण अमोनिया दाखवतो. त्यातला विषारी भाग किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला साधारण पाच टक्के, आणि ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक. म्हणजे नळीत तोच रंग, तोच आकडा, पण सकाळी मासे बरे आणि दुपारी तडफडणारे असं होऊ शकतं. अमोनियाचा आकडा कधी एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी पीएच आणि तापमान लिहा.

मी खाद्य बंद केलं आणि रोज थोडं थोडं पाणी बदललं. नळाचं पाणी घालताना क्लोरीन मारणारं औषध आधी घातलं, कारण क्लोरीन कल्ले भाजतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. नुसतं क्लोरीन असेल तर ते ठेवलेल्या पाण्यातून उडून जातं. पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते सहजी जात नाही, आणि औषधानं तोडल्यावर त्यातून अमोनिया सुटतो. तेव्हा पाणी बदलल्यावर अमोनिया वाढलेला दिसला तर नळाचं पाणी वेगळं तपासून पाहा. क्लोरीन मोजायची बाटली माझ्या किटमध्ये नाही, पट्टीवर मात्र त्याचा चौकोन आहे. पट्ट्यांचा मला झालेला खरा उपयोग तेवढाच.

तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट आलं. नळीतलं पाणी फिकट निळं असायला हवं ते जांभळं झालं. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घालवतं. रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. माझे मासे धबधब्याखाली तोंड वर करून उभे होते. तेव्हा साध्या मिठानं हात दिला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरताना नायट्राइटची वाट अडवतं. एका लिटरला एक ग्रॅम या हिशेबानं ३.३ किलो मीठ, काहीही न मिसळलेलं, दोन दिवसांत विरघळवून घातलं. मीठ आपोआप उडून जात नाही, पाणी बदलाल तेव्हाच कमी होतं, आणि काही पाणवनस्पतींना सोसत नाही. माझ्या दोन नाजूक रोपांची पानं करपली. मासे वाचले, तेव्हा तो सौदा मला मान्य होता. सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले.

आता किटच्या हाताळणीबद्दल, कारण पहिल्या महिन्यातले माझे निम्मे आकडे चुकीचे होते.

नायट्रेटच्या दोन बाटल्यांपैकी दुसरीत भुकटी खाली बसते. ती अर्धा मिनिट जोरात हलवायची असते, नुसती उलटीसुलटी करून चालत नाही. मी ते मनावर घेतलं नव्हतं. तीन आठवडे नायट्रेट शून्य दिसत राहिलं आणि मी साखळी तुटली म्हणून काळजी करत बसले. बाटली नीट हलवली त्या दिवशी नळी केशरी झाली.

थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो, आणि तोंडाशी बुडबुडा आला तर अर्धाच थेंब पडतो. नळीत पाणी भरताना त्याची वरची पातळी कडेला चढलेली दिसते. ती धरायची नाही, मधली खोलगट रेघ खुणेवर आणायची. नळी आधी तळ्याच्याच पाण्यानं दोनदा खंगाळायची.

सर्वांत जास्त त्रास रंग वाचण्याचा. अमोनियाच्या तक्त्यात शून्य म्हणजे पिवळा आणि ०.२५ म्हणजे किंचित हिरवट. रात्री ट्यूबलाइटखाली मला नेहमी ०.२५ दिसायचं. एकदा लेक शेजारी बसली होती. नळी पांढऱ्या कागदावर धरून ती म्हणाली, "आई, हे पोपटी तुझ्या दिव्यामुळे दिसतंय, खिडकीत चल." खिडकीत आलो तर स्वच्छ पिवळं. त्यानंतर मी डिस्टिल्ड वॉटरची एक नळी त्याच थेंबांनी बनवून शेजारी ठेवू लागले. दोन नळ्या एकाच उजेडात सारख्या दिसल्या तर शून्य. तक्त्याच्या छापील रंगापेक्षा हा शेजार जास्त खरा. तेव्हापासून वाचन दिवसाच्या उजेडात, पायरीवर बसून, आणि वहीत आकडा लिहायचं काम लेकीकडे. पाणी हिरवं असेल तर ते आधी दाट कागदातून गाळून घ्या, नाहीतर शेवाळाचा हिरवा आणि चाचणीचा हिरवा यांची गल्लत होते.

दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना एक जपा. मैत्रिणीनं तिचं नायट्रेट १० आलं म्हणून सांगितलं. तेच पाणी माझ्या किटमध्ये ४० च्या पुढे. दोघींचीही किट बरोबर होती. तिचं किट नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजत होतं, माझं अख्खं नायट्रेट. या दोन मापांत सुमारे ४.४ पटीचा फरक असतो, नायट्राइटच्या बाबतीत ३.३ पटीचा. कोणतं माप आहे ते कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

आता ती पीएच उतरवायची बाटली. दुसऱ्या महिन्यात पीएच ८.२ हून खाली आणायचा असं मी मनाशी ठरवलं. मापानं द्रव घातलं, संध्याकाळी ७.४. फार समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी ८.१. पुन्हा घातलं, पुन्हा वर. आठवडाभरात तीनदा हेच. चौथ्यांदा घातल्यावर पीएच वर आला नाही, आणि मला वाटलं जमलं.

प्रत्यक्षात मी पाण्याचा आधार संपवला होता. पाण्यातली बायकार्बोनेटं आम्ल शोषून घेतात, म्हणून पीएच जागेवर परत येतो. ही शोषून घेण्याची ताकद म्हणजेच केएच, कार्बोनेट कठीणपणा, म्हणजेच पाण्याची क्षारता. माझ्या नळाच्या पाण्यात ती मुळात ३ अंश होती, फार नव्हेच. मी ओतलेल्या आम्लानं ती खाल्ली. वर फिल्टरमधले जिवाणूही ती रोज खात असतात. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. त्यातच आठ-दहा दिवस जोराचा पाऊस झाला. पावसाच्या पाण्यात केएच जवळजवळ नसतोच, त्यामुळे उरलं होतं तेही पातळ झालं.

पाऊस उघडला, कडक ऊन पडलं. दोन मासे सकाळी कडेला तरंगताना सापडले. त्या दिवशी पहिल्यांदा दिवसातून दोनदा पीएच मोजला. उजाडताना ६.६, दुपारी चारला ९. दिवसा शेवाळ आणि रोपं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात, पीएच उतरतो. हे प्रत्येक तळ्यात होतं, पण केएच पुरेसा असेल तर हा झोका लहान असतो. माझ्या तळ्यात धरायला काहीच उरलं नव्हतं. केएचची बाटली उघडली, आणि पहिल्याच थेंबाला पाणी पिवळं झालं. म्हणजे एक अंश, कदाचित त्याहूनही कमी.

ही चाचणी सगळ्यांत सोपी आहे आणि मी ती दोन महिने केली नव्हती. ५ मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकून हलवायचं. आधी निळं दिसतं, मग एका थेंबाला एकदम पिवळं. जितके थेंब तितके अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता. केएच कमी असेल तेव्हा ५ ऐवजी १० मिलिलिटर पाणी घ्या. मग एक थेंब अर्ध्या अंशाचा होतो आणि नेमकं कळतं. पहिल्या थेंबाचा निळा इतका फिका असतो की पांढऱ्या कागदाशिवाय दिसत नाही. इथे रंगांचा तक्ता नाही, दोन छटांत घोटाळा नाही, नुसते थेंब मोजायचे.

उपाय स्वयंपाकघरातलाच, खाण्याचा सोडा. १,००० लिटर पाण्याचा केएच एका अंशानं वाढवायला सुमारे ३० ग्रॅम सोडा लागतो. ३,३०० लिटरला १०० ग्रॅम, लक्षात ठेवायला सोपं. बादलीत पूर्ण विरघळवून, फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे हळूहळू ओतायचा, तोही सकाळी, दिवसाला एकच अंश. मी पाच दिवसांत ५ वर नेलं. पाचव्या दिवशी उजाडताना पीएच ७.९ आणि दुपारी ८.४. पीएच उतरवायची बाटली मी त्यानंतर तळ्याजवळ आणलेली नाही. गोल्डफिशना ८.२ चा पीएच सहज सोसतो. त्यांना मारतो तो रोजचा चढउतार.

म्हणून माझं ठाम मत आहे की नव्या तळ्यासाठी पीएचच्या आधी केएच मोजा. पीएच एका क्षणाचं चित्र दाखवतो. पुढचा आठवडा कसा जाणार ते केएच सांगतो. माझ्या वहीप्रमाणे उन्हाळ्यात, खाद्य भरपूर असताना, महिन्याला साधारण एक अंश कमी होतो. पावसाच्या आठवड्यात त्याहून जास्त. आता फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत बांधून ठेवला आहे. तो सावकाश विरघळतो आणि थोडी भर घालतो, पण त्याच्या भरवशावर मोजणं सोडलेलं नाही.

पट्ट्या मी आणखी घेणार नाही. केएचचे चौकोन अंशांत नव्हे, लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि शून्य, ४०, ८०, १२० असे लांब लांब. माझा सगळा जीव शून्य आणि ४० च्या मधे अडकला होता आणि पट्टी दोन्हींच्या मधला रंग दाखवत होती. ओल्या बोटांनी बाटलीत हात घातला तर उरलेल्या पट्ट्याही खराब होतात. पीएचचा वरचा टोकाचा चौकोन ८.४ वर संपतो. मैत्रिणीचं तळं सिमेंटचं, नवंकोरं. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत होता, पीएच ९ च्या वर, आणि पट्टी ८.४ म्हणत राहिली. सिमेंटचं काम असेल तर वरच्या टप्प्यातला पीएच दाखवणारी वेगळी बाटली हवीच.

पीएच पेन सोयीचं आहे, पण शिस्त मागतं. त्याचं टोक कोरडं पडू द्यायचं नाही, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवूनही ठेवायचं नाही. त्यासाठी वेगळं द्रावण मिळतं. मी दोन महिने कोरडंच ठेवलं. ७ च्या बफर द्रावणात, म्हणजे पीएच पक्का ठाऊक असलेल्या द्रावणात, बुडवलं तर ७.४ दाखवलं. आता महिन्यातून एकदा ७ आणि १० च्या बफरमध्ये जुळवून घेते. पहाटेच्या अंधारात, जेव्हा रंग वाचता येत नाहीत, तेव्हा पेनच कामाला येतं.

जीएच दोनदा मोजला, ९ आला, विषय संपला.

किटमध्ये नाही ती महत्त्वाची चाचणी म्हणजे प्राणवायूची. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. रात्री रोपंही तोच वापरतात, म्हणून सगळ्यांत कठीण वेळ पहाटेची. वीज वाचवायला रात्री पंप बंद करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, बंद करायचाच असेल तर दुपारी करा, रात्री नको.

सध्या माझं वेळापत्रक असं. दर रविवारी सकाळी केएच. महिन्यातून एक दिवस पीएच दोनदा, उजाडताना आणि दुपारी चारला. अमोनिया आणि नायट्राइट फक्त काही बदललं तर, म्हणजे फिल्टर धुतला, नवे मासे आले, मासे खाईनासे झाले. थंडीत पाणी दहा अंशांच्या खाली गेलं तर जिवाणू मंदावतात, तेव्हा खाद्यही कमी आणि तपासणी थोडी जास्त.

बाटल्यांवर कालबाह्यतेची तारीख असते, पण उघडल्याची तारीख मी मार्करनं वेगळी लिहिते. काही बाटल्यांत आम्ल आहे, त्यामुळे मुलांच्या हाताबाहेर ठेवा, आणि तपासलेलं पाणी पुन्हा तळ्यात ओतू नका. एका झाकणाला तडा गेला, तेवढीच वस्तू म्हणून तक्रार.

सातव्या महिन्यात केएचची बाटली संपली. जीएचची अजून जवळजवळ भरलेली आहे. नवी केएच बाटली सुटी मिळाली, ती आल्यावर जुनीतले शेवटचे थेंब राखून दोन्ही बाटल्यांनी तेच पाणी तपासलं. जुनीनं ५ थेंबांत पिवळं केलं, नवीनं ६ थेंबांत, कारण नवीचं तोंड बारीक आहे आणि थेंब लहान पडतो. तो फरक लेकीनं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवला आहे.